चकाकीला इतिहास म्हणू नका

"कारखान्यातून निघाली तशी." जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या प्रदर्शनांत, लिलावाच्या याद्यांत आणि मालकांच्या गप्पांत ही शिफारस हल्ली सर्रास ऐकू येते. जग्वारची ई-टाइप असो, एमजी असो की ऑस्टिन-हीली. पत्रा आरशासारखा, क्रोम लखलखीत, आत कोऱ्या कातड्याचा वास आणि वर हे प्रशस्तिपत्र. त्यामागे एक युक्तिवाद उभा आहे आणि तो मांडणारे लोक अडाणी नाहीत. ते म्हणतात, मोटार ही मूर्ती नव्हे की ताम्रपट नव्हे, ते यंत्र आहे. यंत्राचे भाग झिजतात आणि बदलले जातात. मग गंजलेला पत्रा कापून नवा लावला, जुना रंग खरवडून नवा मारला, तर बिघडले काय? गाडी जन्मली त्या दिवशीच्या रूपात परत आली, याहून मोठा मान कोणता? शिवाय कारखान्याच्या नोंदी धुंडाळणे, बोल्टांचे आटे मोजणे, रंगाचे थर तपासणे हा रिकामटेकड्यांचा कागदी छंद आहे. खरे काम पान्याने होते.

मला हा युक्तिवाद मुळापासून चुकीचा वाटतो. तो निरुपद्रवी असता तर मी गप्प बसलो असतो. पण त्याच्या जोरावर गेल्या काही दशकांत जेवढा पुरावा कापून, घासून आणि भंगारात टाकून नष्ट झाला, तेवढा गंजानेही झाला नसेल.

आधी त्या शिफारशीकडेच पाहू. कारखान्यातून गाडी खरोखर अशी निघत होती का? ई-टाइप 1961 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आली. ब्रिटनमध्ये तिची किंमत करासकट 2,100 पौंडांच्या आसपास होती, आणि त्या वेगाच्या परदेशी गाड्यांच्या मानाने ती फारच कमी होती. ती कमी ठेवायची तर कारखान्याला हात राखूनच काम करावे लागणार. कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनमध्ये तिचे लांबलचक बॉनेट वेगवेगळे पत्रे जोडून तयार होई आणि प्रत्येक गाडीवर हाताने जुळवून बसवावे लागे. सांध्यांमध्ये शिसे भरून ते कानशीने घासत. दारांच्या आणि बॉनेटच्या फटी सगळीकडे सारख्या नसत, आणि जिथे गिऱ्हाइकाची नजर जाणार नाही तिथे रंगाचा हातही वरवरचा असे. आज त्याच गाडीच्या फटी मिलिमीटरच्या हिशेबात एकसारख्या करतात, पोटाखालचा पत्राही दिवाणखान्यात ठेवण्याजोगा करतात. अशी ई-टाइप ब्राउन्स लेनने एकही बनवली नाही. तिला सुंदर म्हणा, कारागिराच्या हाताला दाद द्या, मीही देतो. पण ती 1961 ची गाडी नाही. 1961 च्या आराखड्यावर आजच्या पैशाने आणि आजच्या आवडीने केलेली ती गाडी आहे.

कारखान्याचे ते ओबडधोबड काम ही लपवण्याची गोष्ट नव्हेच. सुरुवातीच्या सुमारे 500 ई-टाइपना बॉनेटच्या कड्या बाहेरून होत्या, त्या उघडायला वेगळी किल्ली लागे. मग त्या आत गेल्या. पहिल्या गाड्यांचा तळ सपाट होता. उंच माणसाचे पाय अवघडत, म्हणून 1962 मध्ये पायांसाठी तळाला खोलगा दिला गेला. बॉनेटवरचे झरोके आधी वेगळ्या पट्टीत कापून जोडत, नंतर थेट पत्र्यातच दाबून काढू लागले. या फरकांतून दिसते ते असे की जग्वार गाडी विकता विकता शिकत होती. कोणता बदल कधी, कशासाठी, कोणाच्या तक्रारीवरून झाला, हा इंग्लंडच्या औद्योगिक इतिहासाचा ऐवज आहे. सुटे भाग विकणाऱ्याकडे जो मिळेल तो तळ आणि जे मिळेल ते बॉनेट लावून गाडी "नवी" केली की तो ऐवज गेला. नंतरच्या गाडीला बाहेरच्या कड्या लावून ती पहिल्या 500 पैकी असल्याचे भासवले, तर ऐवज नुसता गेलाच नाही, त्याच्या जागी खोटा पुरावा उभा राहिला.

आता त्या "कागदी छंदा"बद्दल. वॉरविकशरमधल्या गेडन गावी ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली अशा अनेक नावांच्या कारखान्यांच्या उत्पादन-नोंदी तिथे जपलेल्या आहेत. चॅसिस क्रमांक कळवला की नोंद असेल त्याप्रमाणे प्रमाणपत्र मिळते: गाडी कोणत्या तारखेला बनली, इंजिन कोणते, रंग कोणता, आतले कातडे कसले, आणि ती कुठे रवाना झाली. जग्वारच्या नोंदींसाठी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट हेच काम करते. रवानगीचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि सर्वांत जास्त पायदळी तुडवला जातो तो हाच.

एमजीच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1955 ते 1962 या काळात 1,01,081 एमजीए गाड्या बनल्या. त्यांपैकी खुद्द ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या 6,000 हूनही कमी. बाकीच्या बाहेर गेल्या, मुख्यतः अमेरिकेला. याला कारण होते. युद्ध जिंकून ब्रिटन कर्जबाजारी झाला होता, डॉलरची निकड होती, आणि युद्धानंतरच्या वर्षांत सरकार कारखान्यांना पोलाद देताना निर्यात किती करता ते पाहत होते. ज्या देशात पेट्रोल रेशनवर होते, त्या देशाने दोन माणसांच्या उघड्या टपाच्या गाड्या परक्यांसाठी बनवल्या. त्या निकडीतून लागलेली सवय पन्नाशीच्या दशकातही सुटली नाही. एमजीएचे डावीकडचे स्टिअरिंग, अमेरिकेसाठी बसवलेले दिवे, मैलांचे आकडे दाखवणाऱ्या घड्याळाशेजारचा विक्रेत्याचा बिल्ला, ही त्या अर्थकारणाची खूण आहे.

पुढे किमती चढल्या. कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत कमी गंजलेल्या या गाड्या जहाजांत भरून इंग्लंडला परत येऊ लागल्या. आल्या आल्या स्टिअरिंग उजवीकडे गेले, डॅशबोर्ड उलटा झाला, तारांची चाके लागली आणि फिकट निळ्या किंवा पांढऱ्या गाडीवर लाल रंग चढला, कारण लाल रंगाला गिऱ्हाईक लवकर मिळते. मग पाटी लागली: कारखान्यातून निघाली तशी! कोणत्या कारखान्यातून? अ‍ॅबिंग्डनच्या वहीत ती गाडी पांढरी आहे, स्टिअरिंग डावीकडे आहे आणि मुक्काम अमेरिका आहे. मालकाला उजवीकडचे स्टिअरिंग सोयीचे वाटले तर त्याने जरूर बदलावे. पण जी गाडी कधी अस्तित्वातच नव्हती ती उभी करून तिला मूळ म्हणू नये. जीर्ण दस्तऐवजाची अक्षरे पुसून त्यावर सुबक हस्ताक्षरात नवा मजकूर लिहावा, तसा हा प्रकार आहे.

बोल्टाच्या आट्यांवरून हसणाऱ्यांना मी एमजीचे एक्सपीएजी इंजिन उघडून पाहायला सांगेन. 1945 ते 1949 या काळात बनलेल्या, साधारण 10,000 संख्येच्या टीसी मॉडेलमध्ये ते आहे. 1,250 सीसीचे, दिसायला साधे. बोल्टांची डोकी व्हिटवर्थ या इंग्रजी मापाची, इंग्रजी पाना चपखल बसतो. पण बोल्ट फिरवून बाहेर काढा. आटे इंग्रजी नाहीत, मेट्रिक आहेत. इंग्लंडच्या या लाडक्या गाडीत फ्रेंच आटे कुठून आले? हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र-कंपनीने पहिल्या महायुद्धात कॉव्हेंट्रीत मशीनगन बनवण्याचा कारखाना काढला होता. युद्ध संपल्यावर तिथे इंजिने होऊ लागली, आणि 1923 मध्ये मोटार-उद्योगपती विल्यम मॉरिस यांनी तो कारखाना विकत घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची होती, ती बदलायची तर खर्च अफाट. म्हणून आटे मेट्रिक ठेवले आणि इंग्रज मेकॅनिकची अडचण होऊ नये म्हणून डोकी तेवढी व्हिटवर्थची केली. जर्मन आक्रमणाच्या भीतीने देश सोडू पाहणारी एक कंपनी, एका उद्योगपतीचा काटकसरी निर्णय आणि अनोळखी मेकॅनिकची काळजी एवढे सगळे त्या एका बोल्टात आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो इंग्रजी आट्यांचा नवा चकचकीत बोल्ट त्या भोकात दामटतो, आटे मारतो आणि वर जुन्या इंग्रजी कारागिरीला नावे ठेवतो. संशोधन आणि पाना यांची फारकत करणाऱ्यांना इतकेच सांगतो की या इंजिनावर माहितीशिवाय पाना चालत नाही.

इथे प्रतिपक्ष आपला हुकमी दाखला काढतो: बेंटलीची "ओल्ड नंबर वन". तो टाळून चालणार नाही. या स्पीड सिक्स गाडीने ल माँची 24 तासांची शर्यत 1929 मध्ये आणि पुन्हा 1930 मध्ये जिंकली. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो चालवणाऱ्यांत होते. पुढे तिच्यात 8 लिटरचे इंजिन बसले. 1932 मध्ये ब्रुकलंड्सच्या 500 मैलांच्या शर्यतीत चालक क्लाइव्ह डनफी तिच्यासह ट्रॅकच्या उंच वळणाच्या वरच्या कडेवरून बाहेर गेले आणि ठार झाले. नंतर तिची बंदिस्त टपाची रस्त्यावरची गाडी झाली. हातबदल होत होत ती सुमारे 1 कोटी पौंडांच्या सौद्यापर्यंत आली, आणि खरेदीदाराने ऐनवेळी ही ती गाडीच नव्हे असे म्हणत पैसे द्यायचे नाकारले. 1990 मध्ये लंडनच्या न्यायालयात प्रकरण उभे राहिले. 1929 च्या गाडीतले जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते, तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी ही ओल्ड नंबर वनच असल्याचा निर्वाळा दिला. प्रतिपक्ष म्हणतो, बघा! सगळे भाग बदलूनही गाडी तीच राहते, कायद्यानेच सांगितले.

निकाल पूर्ण वाचणाऱ्याला दिसते ते वेगळे. ल माँच्या विजयाच्या दिवशी होती तीच मूळ गाडी म्हणून न्यायमूर्तींनी तिला मान्यता दिली नाही. मान्य केली ती तिची अखंड ओळख. आणि ती कशाच्या बळावर? तिच्यातला प्रत्येक बदल टप्प्याटप्प्याने झाला होता, आणि कोणता भाग कधी आला याचा माग कागदपत्रांतून आणि तज्ज्ञांच्या साक्षीतून लावता आला. गाडी एका क्षणात नाहीशी होऊन दुसऱ्या क्षणी नवी उगवली, असे कधीच घडले नव्हते. 1 कोटी पौंडांचा वाद सुटला तो रंगाच्या चकाकीने सुटला नाही. ज्याला कागदी छंद म्हणून हिणवले जाते त्याच संशोधनाने सुटला. 60 वर्षांनी एखाद्या वर्कशॉपात एका हिवाळ्यात सगळा पत्रा बदलणाऱ्याला या निकालाचा आधार घेता येत नाही. खरे तर हा निकाल त्याच्याविरुद्ध जातो, कारण त्याने त्या गाडीचा चालत आलेला धागा स्वतःच्या हाताने तोडलेला असतो.

"पण गंजलेले, चेंगरलेले वाचवायचे कसे? बदलण्याशिवाय इलाजच नसतो," हा पुढचा आक्षेप. पुष्कळदा इलाज असतो. पैसा आणि धीर नसतो. जर्मन चालक पेटर लिंडनर 1964 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर हलक्या वजनाची अ‍ॅल्युमिनियमची ई-टाइप चालवताना अपघातात मरण पावले. गाडीचा चोळामोळा झाला होता. अशा हलक्या ई-टाइप मुळात बनल्या 12, त्यातली ही एक. मधल्या काळात तिच्या भागांवर नवा सांगाडाही उभारला गेला होता. तरी पुढे इंग्लंडमधल्या ब्रिजनॉर्थच्या कारागिरांनी तो जुना, चुरगळलेला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा हाती घेतला, एकेक पत्रा सोडवला, सरळ केला आणि परत जोडला. 7,000 हून अधिक तास त्यात गेले. नवे अ‍ॅल्युमिनियम कापून लावणे कितीतरी स्वस्त पडले असते. पण मग ज्या पत्र्यावर लिंडनर बसले होते तो पत्रा राहिला नसता. ही गाडी आज उभी आहे म्हणून "शक्यच नाही" हे वाक्य तपासून घ्यायला हवे. सगळ्यांना 7,000 तास परवडणार नाहीत हे मला मान्य आहे. ज्याला परवडत नाही त्याने निदान काढलेला पत्रा ठेवून द्यावा. फळीवर पडलेला गंजका पत्रा खायला मागत नाही.

नव्या सांगाड्यांना माझा सरसकट विरोध नाही, हेही इथेच नोंदवतो. एमजीबी 1962 ते 1980 या काळात 5 लाखांहून अधिक बनली. तिचा सगळा भार दारांखालच्या सिलवर असतो, आणि तो आतून कुजला की गाडी अक्षरशः मधोमध वाकते. कित्येकांनी कुजलेल्या सिलवर वरून नवा पत्रा ठोकून ती विकली. हा जिवाशी खेळ होता. ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून जुन्या कारखान्याच्या साच्यांवर नवे सांगाडे काढायला सुरुवात केली, त्यामुळे हजारो माणसे आज सुरक्षित गाडी चालवत आहेत. चांगले झाले. फक्त साचा जुना म्हणून पत्रा जुना होत नाही. नव्या सांगाड्याची एमजीबी विकताना सांगाडा कोणत्या साली बदलला हे पहिल्या ओळीत सांगा, तक्रार उरत नाही. नंबरप्लेट कायम राहिली हा त्यावरचा प्रतिवाद नव्हे. ब्रिटनच्या परवाना खात्याने वर्षानुवर्षे जी गुणपद्धती वापरली तिच्यात चॅसिसला 5 आणि इंजिनाला 1 गुण होता. कंपनीकडून आलेली तशीच नवी चॅसिसही त्यात चालत असे. कर आणि रस्त्यावरची ओळख यांसाठी ती पद्धत योग्य असेल. इतिहास ठरवण्याचे काम त्या खात्याकडे कोणी सोपवलेले नाही.

खुद्द कंपन्यांचे वागणे मला याहून खटकते. 12 फेब्रुवारी 1957 च्या रात्री ब्राउन्स लेनला आग लागली आणि जग्वारच्या एक्सकेएसएस या स्पोर्ट्स मॉडेलच्या 25 पैकी 9 गाड्या जळाल्या. जग्वारने 2016 मध्ये त्या 9 "पुऱ्या" करायचे ठरवले. त्याआधी 2014 मध्ये हलक्या ई-टाइपच्या 18 क्रमांकांपैकी न वापरलेले 6 क्रमांक काढून त्यांवर 6 नव्या गाड्या बांधल्या होत्या. काम अप्रतिम झाले, विक्रीही उघडपणे नव्या गाड्या म्हणूनच झाली. मग जुन्या यादीतले क्रमांक कशाला हवे होते? जळालेल्या गाड्या जळाल्या, हीच त्या रात्रीची हकीकत आहे. ती दुरुस्त करायची गरज नव्हती. आणखी 50 वर्षांनी, कागद विखुरल्यावर, एखादा अभ्यासक 12 आणि 18 यांच्यामध्ये चाचपडत बसेल. त्याला आपण हा त्रास का द्यावा?

गाडी चालली पाहिजे, यावर माझा वाद नाहीच. ब्रेकचे रबर, टायर, सडकी वायरिंग, गळकी पेट्रोलची नळी हे बदलायलाच हवे. त्यात हयगय करणाऱ्याला मी गाडीचा मित्र मानत नाही. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने 2012 मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली, तीही वापर थांबवा असे म्हणत नाही. ती सांगते की हात लावण्याआधी अभ्यास करा, कमीत कमी बदला, जे कराल ते नोंदवा, आणि नव्या भागावर सहज ओळखू येईल अशी कायमची खूण ठेवा. यात मालकाच्या हक्कावर कोणती गदा आली? मालकाला रंग बदलता येतो, स्टिअरिंग बदलता येते, सगळी गाडी नवी करता येते. पुढच्या माणसाला खोटे सांगण्याचा हक्क मात्र त्याला नाही. आणि इंजिनावरचा क्रमांक घासून चॅसिसशी जुळणारा क्रमांक ठोकणे, हा किमतीसाठी जगभर चालणारा उद्योग, हौस म्हणून माफ करण्याजोगा नाही. ती लबाडी आहे.

हा वाद आपल्यापासून दूर नाही. जुलै 2021 पासून आपल्याकडे जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम आहेत. 50 वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली असेल तर तिला "व्हीए" मालिकेतला क्रमांक मिळतो. नियम चांगला आहे. पण मूळ स्वरूप ठरवताना चकाकी पाहिली तर घात होईल. हिंदुस्थानात राहून गेलेल्या इंग्रजी गाड्या आयातबंदीच्या दशकांतून आल्या आहेत. अ‍ॅम्बॅसेडरचे 1,489 सीसीचे इंजिन आणि पहिल्या एमजीएचे इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या एकाच बी-सीरिज घराण्यातले. एखाद्या भारतीय एमजीएत अ‍ॅम्बॅसेडरचा भाग सापडला, तर सुटा भाग मिळत नसताना इथल्या मिस्त्रीने ती गाडी जिवंत कशी ठेवली याची ती साक्ष आहे. ब्रिटनहून डब्यात आलेला नवा भाग लावण्यासाठी तो काढायचाच असेल तर काढा, पण त्या मिस्त्रीच्या कामाची नोंद केल्याशिवाय काढू नका. त्याची हकीकत गेडनच्या वहीत नाही, ती फक्त त्या गाडीत आहे.

तुमच्याकडे, तुमच्या नात्यात किंवा ओळखीत अशी गाडी असेल, तर रंगारी ठरवण्याआधी एवढे करा. चॅसिस आणि इंजिनाचे क्रमांक उतरवून प्रमाणपत्र मागवा. गाडी सोडण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याचे, रंगाच्या प्रत्येक थराचे फोटो काढा. जुन्या मालकांपैकी आणि मिस्त्रींपैकी जे हयात असतील त्यांना आत्ताच भेटा. जो भाग निघेल त्याला चिठ्ठी बांधून ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा तो डबा आणि ती वही नव्या मालकाच्या हाती द्या.